फॉइलमधली बाटली

पत्रात तीनच ओळी होत्या. माझा अंधारातला नमुना रंगहीन निघाला, सबब काम निष्काळजीपणाचं आहे, सोमवारपासून प्रयोगशाळा सोडावी. खाली विभागप्रमुखांची सही. त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो.

बाटल्या दोन होत्या. दोन्हींत सायक्लोहेक्झेन आणि मोजून सारखंच ब्रोमिन. एक उन्हात, दुसरी फॉइलमध्ये गुंडाळून कपाटात. प्रकाश पडला की ब्रोमिनचा रेणू फुटतो, मोकळे अणू सायक्लोहेक्झेनवर तुटून पडतात आणि तांबडा रंग जातो. कपाटातली बाटली आठ दिवसांनी तांबडीच निघायला हवी होती. निघाली पाण्यासारखी.

फॉइलची कड मी नेहमी तळाशी दुमडते. ही बुचापाशी चुरगळलेली होती.

"मामा, कपाट कुणी उघडलं?"

प्रयोगशाळेचे परिचर ब्युरेटच्या काचनळ्या पुसत होते. "मला कशाला तोंड उघडायला लावता, ताई? गुरुवारी पाहुणे आले. सरांनीच फॉइल सोडलं. म्हणाले, बघा, अंधारात कशी लालबुंद राहते. मग चहा आला. बाटली राहिली खिडकीत."

"आणि परत गुंडाळली कुणी?"

"त्यांनीच. पाहुण्यांशी बोलता बोलता. बाटलीकडे बघायला सवड कुठली."

तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच संध्याकाळी मी पुन्हा सायक्लोहेक्झेनमध्ये ब्रोमिन मोजून घातलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सरांच्या टेबलावर फॉइलमधल्या दोन नव्या बाटल्या ठेवल्या. "एकीचं फॉइल सोडा सर, आणि ती खिडकीत ठेवा. चहा मामा आणताहेत."

"आता तुम्ही मला शिकवणार?"

"नाही. गुरुवारी केलंत तेच करायचंय."

त्यांनी फॉइल सोडलं. चहावर साय धरली. बाटलीतला तांबडा रंग नारिंगी झाला, मग पिवळा, मग काहीच उरलं नाही.

"काच पातळ असेल," सर म्हणाले.

"गुरुवारी पण हीच काच होती, सर," मामा कप उचलत म्हणाले.

सरांनी घसा साफ केला. "ठीक आहे. सोमवारी या. प्रयोग पुन्हा करा."

"प्रयोग मी आत्ताच केला. पुन्हा लिहायचंय ते पत्र."

मी ते त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी पेन काढलं, टोपण उघडलं, आणि दुसरा हात उरलेल्या बाटलीच्या फॉइलकडे गेला. "ही तरी तांबडी आहे का, बघू."

मी बुचावर तळवा ठेवला.

"आधी लिहा."