शहागंजात अडकलेला कडुबा

खोटं वाटत असेल तर लासूर स्टेशनला जा अन् गीताबाईच्या ओसरीवर कोण बसलंय ते लांबूनच बघा. जवळ जाऊ नका.

तिचा नवरा कडुबा काळीपिवळी जीप चालवायचा. संध्याकाळी शहरात, शहागंजात शेवटचं पॅसेंजर उतरलं की बायकोला फोन लावायचा, तो घरी टेकेपर्यंत चालूच. गीताबाईची शिस्तच तशी. लासूरकडं एकच टावर चार गावं सांभाळतो. शहागंजात माणसं दाट, म्हणून खांबाखांबावर टावरचंच काम करणारी बारकी पेटी. प्रत्येकीचा इलाका दोनशे पावलं.

पेट्या बसवणारा संघपाल बजावायचा, “मामा, बोलत असाल तर जीप हळू हाका. चालता फोन एक पेटी पुढचीच्या हाती देती. लई पळालात तर मागची सोडायच्या आत पुढची धरती.”

“धरू दे की! बायकोबिगर मला धरायला हाय कोण?”

एरवी त्या गर्दीत जीप पळणार कुठं? पण एक दिवस बाजार बंद होता. मोकळा रस्ता बघून कडुबानं जीप सुसाट सोडली. गीताबाईच्या कानात खरखर झाली, मग आवाज पुन्हा साफ.

तासाभरानं दारात जीप थांबली. ती फोन कानाला लावूनच उठली.

फोनमधून कडुबा म्हणाला, “गीते, मी अजून शहागंजाच्या घड्याळापाशीच हाय. जीप पळतीय, पण तेच चार खांब फिरून फिरून येतेत.”

बाहेरून कडी वाजली. “गीते, दार उघड. अन् आधी तो फोन ठेव.”

आवाज एकच. खोकलासुद्धा एकच.

गीताबाईनं दाराला पाटा लावला. फोनमध्ये हळूच म्हणाली, “अहो, जीप सोडा तिथंच. पायी या. एकेका खांबापाशी थांबा. त्यानं सोडल्याबिगर पुढं पाऊल टाकू नका.”

त्याला आज अकरा दिवस झाले. फोन चार्जरला अन् तिच्या कानाला. काल कडुबा दौलताबादच्या पुढं आला. पेट्या मागं शहरातच राहिल्या. आता सगळा एकाच टावरचा इलाका, मधी अडकायची भीती नाय. गीताबाईनं अकरा दिवसांनी चूल पेटवली.

कडी वाजवणारा मात्र ओसरीवरून उठला नाय. भाकर मागत नाय, पाणी मागत नाय. चुलीचा धूर बघून तो पहिल्यांदा हसला अन् दाराला तोंड लावून म्हणाला,

“येऊ दे त्याला. इथं टावर एकच. अन् एका टावरात एका नंबराचा माणूस एकच मावतो.”