शिंप्याचा पाय

सरांनी पडद्यावरच्या नकाशातल्या लाल भागावर काठी टेकवली आणि विचारलं, इथली माणसं दवाखान्यात यायचीच का बंद झाली?

वर्गात सगळे डॉक्टरच. एकेका रोग्याची नाडी बघणं पुरे झालं, आता अख्ख्या भागाच्या आरोग्याची धुरा उचलायला शिका, म्हणून त्यांना इथे धाडलेलं. एकाने लोकांच्या आळसावर खापर फोडलं, दुसऱ्याने भोंदू वैद्यांवर. त्यांच्यातल्या एक डॉक्टरबाई नकाशा निरखत होत्या. तो लाल भाग त्यांचाच होता.

"दवाखान्याला कुलूप आहे," त्या म्हणाल्या. "तिथली डॉक्टर इथे बसलीय."

हशा पिकला. सरांनाही उत्तर पटलं. मग त्यांनी उपाय विचारला.

कसला उपाय नि कसलं काय! बाईंच्या डोक्यात म्हातारा शिंपी होता. त्याला साखरेचा आजार, त्यात टाचेची जखम चिघळलेली. रोज धुवून पट्टी केली तरच पाय राहणार. मोठ्या इस्पितळाचं नाव काढलं की तो कानावर हात ठेवायचा. शेवटी बाईंनी त्याला फोनवर चांगलं फैलावर घेतलं, तेव्हा कुठे स्वारी शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे जायला राजी झाली. बाईंनी ही सगळी हकीकत वर्गाला सांगितली आणि मला परत पाठवा म्हणाल्या.

"एका पायासाठी?" सर हळूच म्हणाले. "मॅडम, असे हजार पाय आहेत."

ते खोटं नव्हतं, म्हणूनच बाईंना जास्त लागलं. मग वर्गाने सुचवलं, डॉक्टर एकटा पडतो तिथे शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरलाही हेच शिक्षण द्यावं. चहाची वेळ टळून गेली होती. सगळ्यांबरोबर बाईंनीही होकाराचा हात वर केला.

पुढच्याच महिन्यात एका सकाळी वर्गाचं दार उघडलं. शेजारच्या दवाखान्यातले डॉक्टर बॅग घेऊन आत आले आणि बाईंच्या बाजूला बसले. काल संध्याकाळी हुकूम आला, लगेच निघावं लागलं, असं ते कुजबुजले.

बाई त्यांच्याकडे वळल्या.

"आणि शिंपी?"

"जखम भरत आली होती हो," ते म्हणाले. "उद्या सकाळी ये, असं काल दुपारीच सांगितलं होतं त्याला."