खांदा बरा होता

अमजद शेख खोटं एकच बोलला. पण ते दर रविवारी बोलला, आणि अडीच वर्षं बोलला.

पौडात एसटी स्टँडच्या अलीकडं त्याचं हार्डवेअरचं दुकान. खिळे, पाइप, रंग, सिमेंट, जे मागाल ते. नऊ वर्षांपूर्वी सुधीर नावाचे अधिकारी तिथल्या बँकेत बदलून आले. राहायला भूगावला, पण कामावर यायचे सायकलवर. पिरंगुटचा घाट चढून माणूस बँकेत येतो, याचं गावाला लई नवल. एकदा दुकानासमोरच त्यांची चेन तुटली. अमजदनं पक्कड दिली, मग चहा दिला. चहा पिता पिता सुधीर त्याच्या पोटाकडं बघून म्हणाले, "अमजदभाई, तुम्हीपण एक सायकल घ्या की."

अमजद तेव्हा पंचेचाळिशीचा, वजन ब्याण्णव किलो. नुकतीच साखर निघाली होती. त्यानं पुण्यातून गिअरची एक जुनी सायकल आणली आणि पहिल्याच रविवारी शेऱ्याच्या फाट्यावर जाऊन तो ओकला. सुधीर शेजारी उभे राहिले, पाण्याची बाटली पुढं केली, हसले मात्र नाहीत. तिथून दोघांची गट्टी जमली ती जमलीच. दर रविवारी सुधीर भूगावहून सकाळी साडेसहाला त्याच्या दारात येऊन घंटी वाजवायचे. दोघं माले गावापर्यंत जायचे, पुढचा चढ चढायचे, वर कृष्णाबाईच्या टपरीवर चहा प्यायचे आणि खाली पसरलेलं धरणाचं पाणी बघून माघारी फिरायचे. ताम्हिणीपर्यंत जायचं दर वेळी ठरायचं. दर वेळी अमजद म्हणायचा, "पुढच्या खेपंला, साहेब."

आणि मग तो पडला. एकदा दोघं सुधीरच्या भूगावच्या घरून पौडाकडं येत होते, तेव्हा पिरंगुटचा घाट उतरताना रस्त्यावर सांडलेल्या खडीवरून त्याचं पुढचं चाक सरकलं. मागून ट्रक येत होता. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला म्हणून वाचला. ट्रकचं चाक डोक्यापासून हातभर लांब थांबलं. डांबराचा आणि तापलेल्या टायरचा वास अमजदच्या नाकात बसला तो कायमचा. गळपट्टीचं हाड मोडलं होतं. सुधीरनी रिक्षा थांबवली, दवाखान्यात नेलं, अमजदच्या बायकोला, सुलतानाला फोन केला आणि रात्रभर बाकड्यावर बसून राहिले.

चार महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "हाड एकदम छान जुळलंय. चालवा सायकल, काही हरकत नाही."

त्या रविवारी अमजद पहाटेच उठला. कुणाला न सांगता सायकल बाहेर काढली. मोठ्या रस्त्याला लागला न लागला तोच मागं हॉर्न वाजला. तळहाताला घाम फुटला. तो उतरला आणि सायकल ढकलत घरी आला. भिंतीला लावली, वर जुनी चादर टाकली. साडेसहाला घंटी वाजली.

"काय म्हणतात डॉक्टर?" सुधीरनी विचारलं.

"अजून न्हाई म्हणत्यात, साहेब. खांदा कच्चा हाय."

बस्स. खांदा दुखतो म्हणणं सोपं होतं. मला भ्या वाटतं, हे सिमेंटच्या गोण्या उचलणाऱ्या पन्नाशीच्या माणसानं कसं म्हणावं? त्याला वाटलं, दोन रविवार जातील, भीती मोडेल, आणि खोटंही आपोआप मिटेल. पण भीती मोडली नाही आणि खोट्याला रविवारमागून रविवार मिळत गेला. सुधीर यायचे, "काय म्हणतोय खांदा?" विचारायचे. अमजद मान हलवायचा. ते "सावकाश होऊ दे" म्हणायचे आणि एकटेच पुढं निघायचे. मग ते एक रविवार सोडून यायला लागले. पुढं पुढं ईदला आणि दिवाळीला तेवढे. घंटी वाजली नाही की अमजदला सुटल्यासारखं वाटायचं, आणि थोड्या वेळानं त्याच सुटकेची लाज वाटायची.

गेल्या दिवाळीनंतर सुधीरची बदली गडहिंग्लजला झाली. ते आणि त्यांची बायको गौतमी निरोप घ्यायला पेढे घेऊन आले, तेव्हा अमजद माल आणायला गेला होता. सुलतानानं चहा केला. बोलता बोलता सुधीर म्हणाले, "भाभी, भाईंना खांदा जपायला सांगा. आमचं ताम्हिणीला जायचं तेवढं राहिलं."

सुलतानाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती सरळ बोलून गेली, "खांद्याला काय झालंय? धडधाकट हायेत. डॉक्टरनी तवाच सांगितलं हुतं, चालवा म्हणून. ह्येंचंच मन उडालंय जनू."

सुधीरनी कप खाली ठेवला. "हो का," एवढंच म्हणाले. अमजद अर्ध्या तासात येणार होता, पण ते थांबले नाहीत.

अमजद आला तेव्हा सुलतानानं सगळं सांगितलं. त्याचा चेहरा बघून ती घाबरली. "मी काय चुकीचं बोलले व्हय?"

"तू न्हाई," अमजद म्हणाला.

त्यानं फोन हातात घेतला, सुधीरचं नाव काढलं आणि फोन खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी तेच. पंधरा दिवसांनी सामानाचा टेम्पो भूगावहून गेल्याचं बँकेच्या शिपायाकडून कळलं. तरी त्यानं फोन केला नाही. काय बोलायचं, ते रोज ठरायचं आणि रोज मोडायचं.

जानेवारीतल्या एका शनिवारी त्यानं चादर काढली. टायर जमिनीला चिकटले होते, चेनला गंज चढला होता. त्यानं स्वतः घासून तेल घातलं, नवीन ट्यूब टाकल्या. सुलताना दारात उभी राहून बघत होती. "कशाला आता?" तिनं विचारलं. त्यानं मान खाली घालून चाकात हवा भरली. खरं उत्तर सांगण्यासारखं नव्हतं. ज्याच्यासाठी चालवायची तो माणूस गेल्यावर त्याला चालवावीशी वाटत होती.

रविवारी धुकं होतं. पहिला ट्रक जवळून गेला तेव्हा तो रस्त्याच्या कडेला उतरून उभा राहिला. दुसऱ्याला पण. तिसऱ्याला तो दात आवळून हँडल धरून राहिला आणि ट्रक गेला. शर्ट घामानं भिजला होता, पण सायकल चालत होती. एवढंच करायचं होतं, त्याच्या मनात आलं. चार-सहा ट्रक जाऊ द्यायचे होते. माल्याच्या पुढं चढ लागला तसा दम संपला. तो उतरला आणि ढकलत वर गेला.

टपरीवर कृष्णाबाईनं त्याला ओळखलं. "आलासा व्हय! बरा झाला खांदा?"

अमजद दचकला. "तुमाला कुनी सांगितलं?"

"तुमचं जोडीदार. एकलंच यायचं की. मी इचारायची, दुसरं कुटं हायेत? तर म्हणायचं, त्येंचा खांदा बरा झाला की येनार हायेत. दर खेपंला त्येच. म्हणलं, मंग तुमी म्होरं जावा की ताम्हिणीला. तर म्हणायचं, न्हाई, तितं दोघं मिळून जायचंय."

चहा समोर आला, तो अमजदनं तसाच ठेवला. तो टपरीमागं जाऊन उभा राहिला. धुक्यात खालचं पाणी दिसत नव्हतं. त्यानं फोन लावला.

"हं, बोला अमजदभाई." आवाज नेहमीसारखाच होता, त्यामुळं आणखी अवघड गेलं.

"साहेब, खांदा बरा हुता."

"माहितीये मला."

"मला भ्या वाटत हुतं. ट्रकचं. ते मी सांगितलं न्हाई."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली.

"सांगायचं होतंत," सुधीर म्हणाले. "मी ट्रकच्या बाजूनं चालवली असती, तुम्हाला आतून घेतलं असतं. नाहीतर सायकली सोडून चालत गेलो असतो आपण. मला वाटत राहिलं, त्या दिवशी घाटातून उतरायला मीच घाई केली, माझ्यामुळं यांचा खांदा गेला. अडीच वर्षं मी तेच घेऊन हिंडलो."

हे अमजदच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आपलं खोटं आपल्यापुरतं आहे, असं तो धरून चालला होता.

"चूक झाली, साहेब. लई मोठी चूक झाली."

"हं."

"आज आलोय मी. टपरीवर हाय. तुमी तिकडं चालवताय का? मी येतो सायकल घेऊन. कवाबी सांगा."

"सायकल विकली मी. निघायच्या आधीच." सुधीर म्हणाले. "इथं ओळखीचं कोणी नाही, आणि आता तशी इच्छाही राहिली नाही."

"मग मी नुसता भेटायला येऊ?"

"बघू," सुधीर म्हणाले. "सावकाश उतरा. ओल असेल."

फोन बंद झाला. अमजद चढ उतरला तो दोन्ही ब्रेक दाबून. एक ट्रक मागून हॉर्न देत होता. त्यानं त्याला पुढं जाऊ दिलं.

त्या "बघू"चं पुढं काही झालं नाही. अमजदनं दोनदा फोन केला. एकदा गौतमीवहिनींनी उचलला, ते बाहेर गेलेत म्हणाल्या. पण पुढच्या रविवारी तो निघाला, त्याच्या पुढच्यालाही. साखर थोडी उतरली. सुलताना खुश होती. फेब्रुवारीच्या शेवटी तो एकटाच टपरी ओलांडून पुढं गेला आणि दुपारी बाराला ताम्हिणीत पोचला. रस्त्याच्या कडेला दगडावर बसून डबा सोडला. अंडाभुर्जी आणि चपाती होती, सुलतानानं दोघांना पुरेल इतकी दिली होती. तिला सवयच होती तशी.

त्यानं सुधीरना मेसेज पाठवला. "ताम्हिणीला पोचलो. तुमच्यासंगं यायला पायजे हुतं."

मेसेज वाचल्याची खूण लगेच उमटली. अमजदनं अर्धा तास वाट बघितली. मग राहिलेल्या चपात्या परत बांधल्या आणि भर उन्हात निघाला.