वळूवाल्याच्या गोळ्या

दवाखान्यातून परतल्यावर वळूवाल्यानं पायातली चप्पल काढायच्या आधी बायकोला लाथ घातली. ती गोठ्याच्या दारावर आदळली, ओठ फुटला. आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून, त्यामुळे ऐकायला मुद्दाम कान लावावा लागत नाही.

"डॉक्टरसमोर थोबाड उघडलंस?"

"त्यांनी विचारलं, गोळ्या कोण घेतं. मी म्हटलं, मी."

यात तिचं काय चुकलं? आसपासच्या गाई याच्या वळूकडे यायच्या. एखादी गाभण राहिली नाही, तर हा बेधडक सांगायचा, 'खोट गाईत.' घरातही तोच हिशेब. तपासणीत बीज याचं कमी निघालं, डॉक्टरनं गोळ्या याला दिल्या, आणि या शहाण्यानं त्या रोज बायकोला चारल्या. तिला गरगरायचं, ओकाऱ्या यायच्या. हा खुशीत, "लागू पडतंय!" तरी मूल नाही म्हणून दुसरी मुलगीही बघून ठेवलेली. आज डॉक्टरनं कपाळावर हात मारून घेतला.

"मी गोळी घेणार नाही," वळूवाल्यानं काठी उचलली. "दुसरी आणतो. तू चालती हो!"

काठी खांद्यावर बसली, मग पाठीवर. तिसऱ्या तडाख्याला सासू बाहेर आली. म्हातारीनं आजवर सुनेची बाजू कधी घेतली नव्हती.

"खोट कुणात म्हणाला डॉक्टर?"

"तुमच्या लेकात," सून रक्त थुंकत म्हणाली. "औषधानं उतारा पडेल म्हणाले."

"आई, तू आत जा!"

"म्हणजे दुसरी आणलीस तरी पाळणा रिकामाच की रे मेल्या!"

म्हातारीनं वाकून त्याच्या दोन्ही पायांना मिठी घातली. गडी तोंडावर आपटला, पुढचा दात तुटला. सुनेनं दावं ओढलं, हात मागे आवळले आणि त्याला उताणा करून छातीवर गुडघा रोवला. गोळी तोंडाशी नेताच त्यानं तिच्या बोटाचा लचका तोडला. तिनं त्याच मुठीनं नाकावर ठोसा हाणला, नाक दाबून धरलं, हनुवटी वर केली. अडेल बैलाला पाजतात तशी गोळी घशात ढकलली, वर तांब्याभर पाणी ओतलं. तो गुदमरला, तडफडला आणि शेवटी त्यानं ती गिळली.

गावात त्यानं सांगितलं, वळूनं ढुशी दिली. मीही मान डोलावली.

दुसऱ्या सकाळी अंगणात बायको गोळी घेऊन समोर बसली. सुजलेल्या तोंडानं त्यानं आईकडे पाहिलं.

"त्या मुलीच्या बापाला निरोप धाडलाय," म्हातारी म्हणाली. "सांगितलं, घरात आजारी माणूस आहे, लग्न होणार नाही."

"आजारी? कोण आजारी?" तो ओरडत उठायला लागला.

बायकोनं बांधलेलं बोट त्याच्या छातीला टेकवलं.

"आ करा."

त्यानं केला.

"आता जीभ वर करा."

म्हातारी पुढे वाकली, आत नीट बघून म्हणाली, "गेली."