मलिद्याची थाळी

मित्रांनो, मी एक जुनी मातीची थाळी आहे. वय सव्वासहाशेच्या पुढे, तरी अंगावर एकच टवका उडालेला. तेवढी फुशारकी मारू द्या.

माझा जन्म स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाजवळचा. तिथे आधी अरबांचे राज्य होते, मग ख्रिस्ती राजांचे आले. राजे बदलले, कुंभार मात्र मुसलमानच राहिले. त्यांच्यातल्या एकाने मला सोनेरी झिलई दिली आणि एका यहुदी बाईने हौसेने विकत घेतले. काही वर्षांतच दंगल उसळली. बाप्तिस्मा घ्या नाहीतर मरा, असा दम यहुद्यांना भरला गेला. पोरांसाठी बाईने मान तुकवली. तरी शेजाऱ्यांचा संशय फिटेना. मग ती माझ्यात डुकराचे मांस वाढून, खिडकी सताड उघडी टाकून जेवायला बसे. यहुदी धर्मात ते निषिद्ध, तरी ती खाई; पोरे जगली. मला माझा फार अभिमान वाटायचा.

पुढे अनेक घरे फिरत मी लंडनमधल्या क्रॉयडनच्या एका चॅरिटी शॉपमध्ये येऊन पडले. तिथून मला मनाशे नावाच्या गृहस्थांनी नेले. मूळचे मुंबईचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी. घरात काही शुभ असले की त्यांच्या पत्नी रिवकाबाई माझ्यात गोड पोहे, खोबरे आणि फळांचा मलिदा रचत. माझी चौकशी कोणी केली नाही. मनाशे गेले, तरी मलिदा चुकला नाही. पुन्हा यहुदी घर मिळाले म्हणून मी सुखात होते.

यंदा नात लिओराचे लग्न ठरले. आजीची थाळी नेमकी किती जुनी, या कुतूहलापोटी तिने मला प्रयोगशाळेत तपासायला दिले. टवक्यातल्या मातीत डुकराची चरबी मुरलेली निघाली.

घासून, उकळून नाही का चालणार, असे रिवकाबाईंनी मुलाला, अव्हिएलला विचारले.

"आई, स्टीलचं असतं तर शुद्ध, कोशर करता आलं असतं. मातीचं नाही होत. मी रब्बींना विचारलं."

"पण डॅड, तेव्हा ज्यूज जीव वाचवायला पोर्क खायचे. रिपोर्टमध्ये लिहिलं आहे," लिओरा रडवेली झाली.

"असेल गं. तरी चालत नाही."

अव्हिएलच्याही जिवावर आले होते. रिवकाबाईंनी मलिदा स्टीलच्या ताटात रचला. मला बबल रॅपमध्ये गुंडाळून लॉफ्टवर टाकले. इथे कोणी येत नाही, आणि आता कोणी येईल असे वाटतही नाही.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना जपा, त्यांची चौकशीही करा. फक्त त्याआधी स्वतःला विचारा, एखादीने खरे सांगितले तर तिला घरात ठेवाल ना?