नाचणीच्या गोळ्यातली मूठ

मार्गासनीच्या बनाबाईची बोटं दोन वर्षांपासून तिचं ऐकेनाशी झाली होती. सांधे फुगलेले, पेरं वाकडी, आणि यंदा तर हात असा आखडलेला की त्यात विळा टिकायचाच नाही. भोरच्या दवाखान्यातलं तेल चोळून झालं, निर्गुडीच्या पाल्यानं शेकून झालं. बोटांनी कशालाच दाद दिली नाही. बाकी म्हातारी ठणठणीत होती. कंबर ताठ, नजर तेज, आणि तोंडाचं तर विचारूच नका.

सन छत्तीसच्या कार्तिकात भात पिवळं झालं आणि इर्जिक ठरली. इर्जिक म्हणजे अख्ख्या गावानं मिळून एकेकाच्या वावरात कापणी करायची. त्यात बांधालगतची पहिली पात, म्हणजे कापायचा पहिला पट्टा, तीस वर्षं बनाबाईची होती. पहिली पात जिची, तिनं सगळ्यांच्या पुढं कापत जायचं आणि भलरीचं गाणंही तिनंच उचलायचं. पण एखाद्या साली पात सोडली, की ती दुसऱ्या घरी जायची आणि पुन्हा परत यायची नाही. शेजारची भागूबाई तर दसऱ्यापासूनच विळा पाजवून बसली होती.

"आत्याबाई, औंदा तुमी खळ्यावर बसा. चिमण्या हाकला," कोंडाबाई, तिची सून, म्हणाली.

"तुझ्या आवाजानंच पळत्यात की चिमण्या. मला कशाला बसवतीस?" असं म्हणून बनाबाई तरातरा निघाली ती थेट रखमाजी सुताराकडं. इर्जिकेला चार दिवस उरले होते.

रखमाजीच्या हाताला गुण होता आणि नाकावर त्याचा तोरा होता. विळ्याची मूठ करावी ती बारीक नि गुळगुळीत, असं त्याचं मत. आता म्हातारीच्या हातात जोर नाही म्हटल्यावर त्यानं लेकरांच्या विळ्याला करतात तशी आणखी बारीक मूठ करून दिली. बनाबाईनं परसातल्या गवतावर पहिला हात मारला आणि विळा भुर्रकन उडून सुतारणीच्या भोपळ्यात रुतला. रखमाजी भोपळ्याच्या पलीकडंच उभा होता. दोन वितींनी वाचला बिचारा!

"मावशी, आता इळा न्हाई, जपमाळ धरा," तो घाम पुसत म्हणाला. बनाबाई चिडली, घरी आली आणि सगळा राग नाचणीच्या पिठावर काढू लागली.

मळता मळता तिनं एक गोळा आवळला आणि थबकली. हात दुखला नव्हता. गोळा चांगला जाडजूड होता, त्याभोवती बोटं पुरती मिटावी लागत नव्हती. तिनं हात सोडला, तर पिठात पाचही बोटांच्या खळ्या उमटलेल्या, बोटं वाकडीतिकडी होती तशाच. अगं बाई! बारीक मूठ काय कामाची? बोटं मिटतच नव्हती, तर मुठीनंच बोटांपर्यंत यायला हवं होतं! म्हातारी गोळा घेऊन तशीच पळत सुटली.

"आत्याबाई, भाकऱ्या?" मागून कोंडाबाई ओरडली.

"तू थाप!"

रखमाजीनं गोळा बघितला आणि कपाळावर हात मारला. "येवढी जाड मूठ? लोकं म्हणतील, रखमाजीला लाकूड तासता येत न्हाई!"

आता भांडायचं तर दोन्ही हात मोकळे हवेत. बनाबाईनं गोळा फळीवर ठेवला आणि पदर खोचला. ती त्याच्या आज्यापर्यंत पोचली असेल-नसेल, तोवर फळीवर तोंड घालून रखमाजीच्या शेळीनं गोळा मटकावला. शेळी मिटक्या मारत होती. आधी बनाबाई फसकन हसली, मग रखमाजी. हसता हसता तो भुशातच बसला, आणि हसलेल्या माणसाला तोरा धरवत नाही.

"आणा दुसरा गोळा," तो डोळे पुसत म्हणाला. "पर आदी शेळी बांदतो."

बाभळीची जाड मूठ जड झाली असती म्हणून त्यानं हलका पांगारा घेतला. गोळ्यातली एकेक खळगी अंगठ्यानं चाचपायची आणि तेवढीच लाकडात कोरायची, असे दोन दिवस गेले. वरून अंबाडीची सुतळी गुंडाळली, म्हणजे घामानं निसटायला नको. बनाबाईनं हात घातला मात्र, संध्याकाळी गुरं आपापल्या दाव्याला जावीत तशी बोटं आपापल्या जागी गेली. पकड सैल केली तरी विळा हातातच! बनाबाईनं तिथंच एक गिरकी घेतली. रखमाजीनं तेवढ्यात लाकूड तासायचा वाकस उचलून बाजूला ठेवला, म्हणून बरं.

इर्जिकेच्या दिवशी भागूबाईनं ती मूठ बघितली. "बनाबाय, कापनीला वांगं घिऊन आलीस व्हय?"

सगळ्या बाया खिदळल्या. बनाबाईही हसली, पण बांधालगत वाकताना तिनं मूठ पुन्हा एकदा चाचपली. विळा सुटला असता तर एवढ्या जणांसमोर तीस वर्षांची पात गेली असती. डाव्या हाताला धाटं धरवेनात, म्हणून तिनं ती कोपरात कवटाळली आणि विळा ओढला. चर्रर्र! धाटं आडवी झाली. पुन्हा चर्रर्र! विळा हातात जागचा हलला नाही. तिला इतका आनंद झाला की भलरी पहिल्याच ओळीला नको तेवढ्या वरच्या पट्टीत लागली आणि सगळ्यांची सूर ओढताना दमछाक झाली. म्हातारीला त्याचं काय! ती निघाली ती निघालीच.

अर्धी पात संपली तेव्हा मागून हाक आली. "आत्याबाई, वाईच थांबा की! आमाला गाठू तरी द्या!"

कोंडाबाई होती. घामानं निथळलेली, धापा टाकत, भागूबाईच्याही मागं राहिलेली. दोन वर्षं घरातला जो तो बनाबाईला बसा म्हणत होता, राहू द्या म्हणत होता. आमच्यासाठी थांबा, असं कुणी म्हटलंच नव्हतं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तिनं ते तसंच वाहू दिलं आणि पुढची धाटं कोपरात घेतली.