दृष्टीआड सृष्टी

आमचे प्रोफेसर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे आणि पोरांना एकच गोष्ट घोटून घोटून सांगायचे, "दिसतं तेच असतं! मी पाठ फिरवली की हे टेबल आहे, याला पुरावा काय?" टेबल बिचारं काय बोलणार! घरी बायकोही तशीच. विचारलं तर हो, नाहीतर नाही. शिवणकामाच्या कारखान्यातून आली की मान खाली घालून भाजी चिरायला बसायची. प्रोफेसरांची समजूत, बाई जन्माचीच अबोल.

एकदा ती चष्मा घरी विसरली. तो द्यायला प्रोफेसर कारखान्यात गेले आणि दाराबाहेरच थबकले. आत हशा पिकला होता.

"आणखी एकदा, बाईसाहेब!" कापड बेतणारा कटर ओरडला.

बायकोने घसा खाकरला आणि थेट प्रोफेसरांच्या सुरात विचारलं, "मी पाठ फिरवली की ही कात्री आहे का?"

"नाही सर!"

मग ती हसली. अहो, काय हसली! एवढ्या संसारात हे हसू त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. नकलेचं एक वेळ चाललं असतं, पण ते हसू त्या कटरला रोज फुकटात मिळतंय म्हटल्यावर त्यांच्या अंगाची लाही लाही झाली.

ते तडक आत शिरले. हसू जागच्या जागी विझलं. "अहो, तुम्ही?" म्हणत तिने खाली मानेने चष्मा घेतला.

संध्याकाळी त्यांना राहवेना. "त्या कटरपुढे बरी खिदळतेस!"

"मी?" बटाटा सोलता सोलता ती म्हणाली. "पाहिलंत तुम्ही?"

"ऐकलं!"

"पाहिलं नाहीत ना? मग दृष्टीआड सृष्टी. तुमच्या शास्त्राप्रमाणे ती नसतेच."

"टोमणे पुरे. माझ्यासमोर हस की एकदा!"

तिने खरंच प्रयत्न केला. ओठ हलले, तेवढंच. "नाही हो जमत," ती म्हणाली, आणि इतकं साधं म्हणाली की त्यांना भांडताही येईना. आपण बघतो म्हणून जग असतं म्हणे! इथे त्यांनी बघितलं की होतं तेही नाहीसं होत होतं.

दुसऱ्या दिवशी तास बुडवून ते पुन्हा कारखान्याच्या दाराआड जाऊन उभे राहिले. आत जायचं नाही, नुसतं ऐकायचं. ती हसायला लागली आणि नेमकी त्यांच्या हातून छत्री पडली.

"कोण आहे हो बाहेर?" बायकोचा आवाज आला.

प्रोफेसर छत्री उचलून भिंतीला चिकटले. कटरने दारातून डोकावून पाहिलं.

"कोणी नाही," तो म्हणाला, आणि आत पुन्हा हशा पिकला.